ओढण्याची शक्ति आणि थांबण्याची शक्ति

गेल्या उसाच्या हंगामांत, शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकापाशीं उभे राहून, आम्हीं एक देखावा पुष्कळदां पाहिला. पुढें ट्रॅक्टर, त्याच्या मागें उसानें शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्याही मागें एखादा ऊस उपसून घेण्यासाठीं धांवणारे आमचेच विद्यार्थी! ट्रॅक्टर तें ओझें बिनबोभाट ओढीत होता. म्हणून त्यांत कोणासही कांहीं वावगें वाटत नव्हतें. आमच्या मतें चूक होते ती येथेंच.

वाहनास किती ओझें ओढतां येतें हा एक प्रश्न. तेंच ओझें त्यास वेळेवर थांबवितां येतें कीं नाहीं, हा अगदीं निराळा प्रश्न. सपाट रस्त्यावर मंद गतीनें लहान इंजिनही मोठें ओझें हलवूं शकतें. परंतु वेग तोच ठेवून एकंदर वजन दुप्पट केलें, म्हणजे ब्रेकांनीं जिरवावयाची ऊर्जाही दुप्पट होते. शिवाय पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेकच नसतात. मग उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला मागून रेटूं लागते, आणि बाजूस वळून त्यासच उलथवूं शकते. चढावर याच्या उलट होतें. ओझ्याच्या ओढीनें पुढचीं चाकें हलकीं पडतात व स्टिअरिंग हातीं राहत नाहीं.

याकरितांच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें वजनास मर्यादा घातली आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें ती ओलांडणारास २०,००० रुपये, व त्याखेरीज प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवावा लागतो तो निराळाच.

यावर कोणी म्हणतील, “दोन खेपांचें डिझेल कोण देणार? शेतांत तोडलेला ऊस वाळून वजनांत घटतो, त्याचें काय?” ही अडचण खरी आहे. जेथें वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो, तेथें एकट्या ट्रॅक्टरवाल्यास दोष देणें न्यायाचें नव्हे. परंतु कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचें वजन होतच असतें. ज्या काट्यावर उसाचें मोल ठरतें, त्याच काट्यावर मर्यादेचीही नोंद व्हावी, आणि जादा भरलेल्या गाडीच्या मालकास तेथेंच ताकीद मिळावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

आमच्या पालकांपैकीं जे स्वतः ऊस वाहतात, त्यांनीं गाडी भरतांना इंजिनाकडे न पाहतां ब्रेककडे पाहावें. आणि विद्यार्थ्यांनो, ट्रॉलीच्या मागें धांवूं नका. हिसक्यासरशी मोळी ढांसळली किंवा ट्रॉली मागें सरकली, तर पुढें बसलेल्या मनुष्यास तुम्ही दिसणार नाहीं. आणि दिसलांत तरी तें ओझें त्याच्यानें थांबवेलच, असें नाहीं.