फुकटाची किंमत

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने मोफत इंटरनेटचे दार उघडले, तेव्हा सामान्य माणसास दिवाळीच आल्यासारखे वाटले. ज्ञान व व्यापार त्यामुळे गोरगरिबांच्या हाती आला, हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्या धुमश्चक्रीत २०१८ साली एअरसेलचे दिवाळे वाजले, टेलिनॉर व टाटांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये विलीन झाली, आणि व्होडाफोन व आयडियास एकमेकींचा आधार शोधावा लागला. खाजगी क्षेत्रात उरल्या तीनच कंपन्या. त्यांतील एक कर्जाने वाकलेली! मग डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ असे तीनदा दर चढले, तेही तिघींचे पाठोपाठ. याचे नवल ते काय? विक्रेते घटले की गिऱ्हाइकाची पत घटते, हा बाजाराचा जुनाच न्याय आहे.

भांडवलास परतावा हवा, हे कंपन्यांचे म्हणणे आम्ही खोटे मानीत नाही. तथापि परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार, मजुराची कमाई ज्या यंत्रावर अवलंबून, त्याची नाडी दोघा-तिघांच्या हाती राहणे धोक्याचे होय. म्हणूनच भारत संचार निगमला सामर्थ्य देणे हा दयेचा नव्हे, लोकहिताचा प्रश्न आहे. सरकारने तो तसाच मानावा.