पोलोनीचे २१६ बळी

दोषी कोण, तर हात न धुणारी गृहिणी! दक्षिण आफ्रिकेत २०१७ साली लिस्टेरिया जंतूने माणसे दगावू लागली तेव्हा सरकारने जनतेस जो उपदेश केला, त्याचा मथितार्थ याहून निराळा नव्हता. हात धुवा, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवा, अन्न नीट शिजवा. उपदेश खोटा नव्हता. तो चुकीच्या दारी केला गेला.

पोलोनी म्हणजे मांसाचा लगदा वेष्टनात भरून शिजविलेले जाडजूड सॉसेज. ते स्वस्त असते आणि सोवेटोतील कष्टकऱ्यांची पोरे ते पावात घालून तसेच खातात. जो पदार्थ पुन्हा शिजवावा लागत नाही म्हणूनच विकला जातो, तो नीट शिजवून खा असे सांगणे ही गरिबाची चेष्टाच होय.

थंडीने बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. लिस्टेरिया मात्र शीतकपाटाच्या ४ अंशांतही सावकाश वाढत राहतो. कारखान्याच्या भट्टीत तो मरतो. पण नंतर कापताना, बांधताना, ओल्या फरशीवरून, यंत्राच्या फटीतून पुन्हा अन्नावर चढतो. घरचे कपाट त्याला केवळ वेळ देते. लक्षणे दिसण्यास कधी ७० दिवसही लागतात. कोणत्या घासाने घात केला, हे आईने कसे आठवावे?

जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोच्या एका पाळणाघरातील नऊ मुले बारागवनाथ रुग्णालयात आली. डॉक्टरांना संशय आला, निरीक्षक पाळणाघरात गेले, कपाटात पोलोनी सापडली. माग पोलोक्वाने येथील एंटरप्राइज फूड्सच्या कारखान्यापर्यंत गेला. मालक टायगर ब्रँड्स. ४ मार्चला आरोग्यमंत्री मोत्सोआलेडी यांनी ते जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी कंपनीप्रमुखांनी सांगितले की, या मृत्यूंशी आमच्या मालाचा थेट संबंध असल्याचे आम्हांस ज्ञात नाही! एकूण रुग्ण १०६०, मृत्यू २१६. रुग्णांपैकी दहांत चारांहून अधिक नवजात अर्भके होती. त्यांनी पोलोनी चाखलीही नव्हती.

डिसेंबर २०१७ पर्यंत हा रोग सक्तीने कळविण्याच्या यादीतही नव्हता. सामूहिक दाव्यास न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये परवानगी दिली. दायित्वाचा वाद पुढे कित्येक वर्षे रेंगाळला.

आपल्यातील काही मित्रांना हा विषय आरोग्यखात्याचा वाटतो, चळवळीचा नव्हे. (जंतूला वर्ग कळत नाही, असेही ते वर सांगतात. पण स्वस्त मांस कोण खातो, हे बाजाराला पक्के कळते.) फरशी कधी धुतली गेली नाही, यंत्र कोणत्या पाळीत न थांबवता चालविले, हे प्रथम कोणास ठाऊक असते? तेथे राबणाऱ्या कामगारास. 'यंत्र थांबवा, आधी धुऊ द्या' असे म्हणण्याचा अधिकार त्याला मिळाला पाहिजे, आणि तपासणीचा अहवाल कारखान्याच्या फाटकावर लागला पाहिजे. या दोन मागण्या कामगार संघटनांनी वेतनकराराच्या मसुद्यातच घालाव्यात.