आधी श्वास सोडा
‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला हल्ली लिफ्टमध्ये अडकलेल्यापासून बोर्डाच्या परीक्षार्थीपर्यंत सगळ्यांना फुकट मिळतो, आणि तो अर्धवट आहे. घाबरलेल्या माणसाची छाती आधीच भरलेली असते. तिच्यात आणखी हवा कोंबून काय साधणार? ओकिनावातल्या गोजू-र्‍यू कराटेचा ‘सांचिन’ हा काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, पाहा. त्यात श्वास सावकाश, शेजारच्याला ऐकू जाईल असा बाहेर सोडतात. ठोसाही उच्छ्वासाबरोबरच निघतो. शरीरशास्त्र याच बाजूने आहे: श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढून प्राणायाम प्रयोगशाळेत नेला, तरी आपले सगळे कौतुक पूरकाचे, म्हणजे श्वास घेण्याचे, आणि कुंभकाचे, म्हणजे तो रोखण्याचे. श्वास सोडणारा रेचक बिचारा पोरका. कोणी म्हणेल, समोरून ठोसा येत असताना श्वासाकडे कोण बघणार? कोणीच नाही, म्हणून तर कराटेवाले श्वास सोडणे ठोसा नसताना वर्षानुवर्षे घोटतात. श्वास सोडून कर्जाचा हप्ता फिटत नाही, हेही कबूल. पण बँकेतल्या साहेबाशी आवाज न चढवता बोलता येते. तेव्हा पालकहो, मुलांना हे परीक्षा केंद्राच्या फाटकावर सांगू नका, महिनाभर आधी शिकवा. आणि सुरुवात श्वास सोडण्यापासून करा.