गाडी तापते, आपण गप्प का?

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा देशातील वाहन उद्योगाचा मोठा पट्टा. आपल्यापैकी कोणी इथे कंपनीच्या लाइनवर कंत्राटी कामगार आहे, कोणी गॅरेजमध्ये मिस्त्री, कोणी कर्ज काढून कॅब चालवतो. गाडी बनवणारे आपण, दुरुस्त करणारे आपण आणि विकत घेणारेही आपणच. तरीही नवी गाडी बिघडली की आपण गप्प बसतो.

सध्या वारंवार ऐकू येणारी तक्रार कूलिंगची आहे. गाडी दोन-तीन वर्षांची असते. वॉटर पंप गळतो, थर्मोस्टॅट अडकतो किंवा रेडिएटरच्या टाकीला तडा जातो. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तरे ठरलेली असतात: वॉरंटी संपली, तुम्ही बाहेरचे कूलंट टाकले, तापलेली गाडी चालवली. ग्राहक मुकाट्याने बिल भरतो आणि म्हणतो, ‘नसीब!’

यात नसिबाचा भाग कमीच असतो. पूर्वी रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. गळला की कारागीर डाग देऊन दुरुस्त करी. आता जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. वजन आणि खर्च वाचतो, पण वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन प्लास्टिक कडक होते, चिरते. मग दुरुस्ती जवळपास नाहीच, अख्खा भाग बदलायचा. वेळीच लक्षात आले नाही तर इंजिनचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि छोट्या भागापायी इंजिन उघडावे लागते. त्यात अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

‘ट्रॅफिकमध्ये गाडी तापणारच’ हेही ऐकवले जाते. गाडी उभी असताना समोरून वारा मिळत नाही, सारा भार फॅनवर येतो, हे खरे. पण मोशी ते चाकणची कोंडी कंपन्यांना नवी नाही. जी गाडी इथे विकायची, ती इथल्या उन्हात आणि कोंडीत टिकायला हवी.

इस्लामी फिक्हमध्ये याला स्पष्ट उत्तर आहे. ‘खियार-ए-ऐब’ म्हणजे वस्तूत आधीपासूनचा लपलेला दोष निघाला, तर सौदा रद्द करण्याचा ग्राहकाचा हक्क. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. सव्वाशे पानांच्या वॉरंटी पुस्तिकेलाही ती लागू होते, हे मात्र विसरतो.

देशाचा कायदाही हाच हक्क देतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष मालाने झालेल्या हानीसाठी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांना जबाबदार धरता येते. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दोष ठरवण्यासाठी आयोग वस्तूची तपासणीही करवून घेऊ शकतो. कॅबवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे: केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी ‘व्यापारी हेतू’ ठरत नाही. तुम्हीही ग्राहकच आहात.

मात्र हक्क कागदावर टिकतो. प्रत्येक वेळी जॉब कार्ड घ्या, बदललेल्या भागाचे फोटो काढा, तक्रार ई-मेलने करा आणि वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

एकट्याच्या तक्रारीला ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारता येते, शंभरांच्या तक्रारींना नाही. 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांनी पेट घेतला. एक्झॉस्ट वायू थंड करणाऱ्या कूलरमधून कूलंट गळत होते. लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने दोष दडवला आणि उशीर केला, असा ठपका ठेवून सरकारने 11.2 अब्ज वॉनचा दंड केला. आपल्याकडेही 1 एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम आहेत. पण ते सुरक्षेशी निगडित दोषांपुरते आहेत आणि तक्रारी नोंदल्या गेल्या तरच कामाला येतात.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. गळका रेडिएटर हळद टाकून तात्पुरता बंद करायचा आणि ‘एकदम ओके’ म्हणून जुनी गाडी विकायची, हा प्रकार आपल्या बाजारातही चालतो. तेही ओले धान्यच. कंपनीला जाब विचारायचा असेल तर आपला व्यवहार आधी स्वच्छ हवा.

काम अवघड नाही. मोहल्ल्यात एक जाणता मिस्त्री, एक कायदा शिकणारा मुलगा किंवा मुलगी आणि आठवड्यातला एक तास एवढ्यावर ग्राहक मदत केंद्र सुरू होऊ शकते. तिथे कोणाचा धर्म विचारू नये, कारण तापलेली गाडी तो विचारत नाही. शेजाऱ्याला त्याचा हक्क मिळवून देणे हीसुद्धा खिदमत आहे.