म्युझियम वाचलं म्हणे!

गेल्या रविवारी न्यू जर्सीच्या लेकीशी बोलताना विषय निघाला आणि माझं डोकं फिरलं. विषय काय, तर संग्रहालयं! ती न्यूयॉर्कच्या मोमाची (म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट; तिथे सगळे त्याला असंच म्हणतात) सभासद आहे. म्हणाली, "आई, २०२० साली सगळं बंद होतं, पण म्युझियमं ऑनलाइन चालू राहिली म्हणून वाचली. लोकांनी घरबसल्या बघितलं आणि घरबसल्या पैसेही दिले."

मी विचारलं, "वाचलं म्हणजे नक्की काय वाचलं गं?"

"आई, तू प्रत्येक गोष्टीचा पेपर तपासायला बसतेस."

बसते. चौतीस वर्षं तेच केलं. फोनवर धड बोलणं झालं नाही, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून इथे टंकायला बसले. जावईबापू हा ब्लॉग चुकवत नाहीत, तेव्हा तिच्यापर्यंत पोचेलच. :)

आधी ज्याचं श्रेय त्याला देऊन टाकते. १३ मार्च २०२० ला मोमा आणि मेट्रोपॉलिटन, दोन्ही बंद झाली. पुढे दहा-बारा दिवसांत आमच्या सोसायटीच्या गेटलाही कुलूप लागलं. त्या दिवसांत ह्या लोकांनी जालावर जे चकटफू वाटलं त्याचा मी मनसोक्त लाभ घेतला, खोटं कशाला बोलू? लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने लोकांना सांगितलं, की घरातल्या तीन वस्तू घ्या आणि एखादं प्रसिद्ध चित्र स्वतःच साकारा. (मूळ कल्पना त्यांची नव्हे, नेदरलँड्समधल्या कुणाची तरी. त्यांनी ते कबूलही केलं, हे विशेष.) माझ्या नातीने डोक्याला निळा टॉवेल गुंडाळला, कानाला लसणाची पाकळी चिकटवली आणि व्हर्मीरची मोत्याच्या डुलाची मुलगी होऊन फोटो पाठवला. मी तो ह्यांच्या तसबिरीशेजारी लावला आहे.

न्यूयॉर्कच्याच फ्रिक कलेक्शनचं तर मला व्यसनच लागलं. दर शुक्रवारी संध्याकाळी पाचला त्यांचा अभिरक्षक एकच चित्र घेऊन बोलायचा आणि सोबत कुठलं कॉकटेल घ्यावं तेही सांगायचा. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे अडीच. मी शनिवारी सकाळी आल्याच्या चहाबरोबर बघायची. कॅमेऱ्यासमोर घरात बसलेला एक माणूस, मागे चित्राचा फोटो, आणि त्या चित्रावरचं त्याचं जिवापाड प्रेम. बस्स. त्याला काही फार खर्च आला असेल असं वाटत नाही. आणि मोमाचा कोर्सेरावरचा आधुनिक कलेचा अभ्यासक्रमही मी निम्म्याहून जास्त पुरा केला. इंग्रजीतला, मराठी माध्यमातल्या ह्या बी. ए. बाईने, शब्दकोश मांडीवर घेऊन!

म्हणजे ऑनलाइनला नावं ठेवायला मी बसलेली नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

मी तो अभ्यासक्रम करत होते साधारण त्याच सुमाराला, म्हणजे ३० मार्च २०२० ला, मोमाने आपल्या सगळ्या कंत्राटी शिक्षकांची कंत्राटं संपवली. सुमारे ८५ जण. त्यांना कळवलं, की तुमच्या सेवांची गरज पुन्हा कधी पडेल सांगता येत नाही, काही महिने लागतील, कदाचित काही वर्षं. आधी ठरलेल्या कामाचे पैसे त्या तारखेपर्यंतचे दिले. हिशेब चोख. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पुढे बऱ्याच महिन्यांनी वाचनात आलं. वाचलं आणि तो अर्धा राहिलेला अभ्यासक्रम पुन्हा उघडावासा वाटला नाही. शिकवणाऱ्यांनी अनेक वर्षं मुलांसमोर उभं राहून जी पद्धत घडवली, ती व्हिडिओत भरून ठेवली. व्हिडिओ चालू राहिला आणि शिकवणारे घरी.

ही शिक्षक मंडळी काय करतात हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडे होते. मोमा तेव्हा मोठा विस्तार करून नुकतंच पुन्हा उघडलं होतं, ४५ कोटी डॉलर खर्चून. तिकीट २५ डॉलर, मी म्हातारी म्हणून १८. पाचव्या मजल्यावर व्हॅन गॉगची 'तारांकित रात्र' आहे. तिथे ही गर्दी, सगळे मोबाइल वर करून उभे. तेवढ्यात शाळेची वीसेक मुलं आली, तिसरी-चौथीतली असावीत. त्यांच्याबरोबर संग्रहालयाची एक तरुण शिक्षिका. तिने मुलांना जमिनीवर बसवलं आणि विचारलं, "ह्या चित्रात आवाज कुठला येतोय?" बस, एवढंच. आणि गप्प उभी राहिली. मी मनात आकडे मोजले, सवयच आहे. पंधरापर्यंत मोजले तरी ती गप्प. मंडळी, वर्गात पंधरा सेकंद गप्प राहायला काय लागतं ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक! मग एक मुलगा पुटपुटला, "वाऱ्याचा." दुसरी म्हणाली, "नाही, खाली गावात सगळे झोपलेत, आवाज नाहीच." आणि भांडण जुंपलं. मोबाइलवाले वळून चित्राकडे बघायला लागले. मीसुद्धा.

ती कंत्राटी होती की पगारी, मला काय माहीत. पण ते पंधरा सेकंद कुठल्या व्हिडिओत बसतात ते मला कुणीतरी दाखवावं.

आता लेक म्हणणार, "पण आई, पैसेच नव्हते तर?" तिकिटं बंद, दुकान बंद, भोजनगृह बंद, हे खरंच. मोमाच्या संचालकांनी त्या वर्षी वार्षिक खर्च १८ कोटी डॉलरवरून साडेतेरा कोटींवर आणला. मेट्रोपॉलिटनने १० कोटी डॉलरची तूट येणार असं जाहीर केलं, वरच्या अधिकाऱ्यांचे पगार कापले, आणि एप्रिलमध्ये ८१ जणांना कमी केलं. कोणते ८१? प्रेक्षकांची व्यवस्था बघणारे आणि दुकानातले. म्हणजे दारात "या" म्हणणारे. ते वर्ष मेट्रोपॉलिटनच्या स्थापनेचं दीडशेवं, बरं का!

आणि ठेव? मेट्रोपॉलिटनची कायम ठेव तेव्हा सुमारे ३६० कोटी डॉलरची. मोमाची १०० कोटींच्या वर. ह्यावर ठरलेलं उत्तर असं, की ह्या ठेवी दात्यांनी अटी घालून दिलेल्या असतात, हव्या त्या कामाला वापरता येत नाहीत. ही अडचण मला परकी नाही. आमच्या शाळेत कुणाच्या आजीच्या नावाने संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षिसाची ठेव होती. वर्गाचं छप्पर गळत होतं, पण त्या व्याजातून एक कौल घेता यायचं नाही. तर ती अट मला समजते. पण एप्रिल २०२० मध्येच अमेरिकेतल्या कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेने स्वतः जाहीर केलं, की अटीच्या निधीचं उत्पन्न रोजच्या खर्चाला वापरलं तर पुढची दोन वर्षं आम्ही कारवाई करणार नाही. कायद्याच्या अटी उरल्याच, मान्य. पण दात्याला एक फोन करून "तुमच्या व्याजातून दोन वर्षं शिक्षकांचा पगार देऊ का?" असं विचारता येतं. आमच्या मुख्याध्यापकबाईंनी त्या आजींच्या मुलाला विचारलं होतं. तो हो म्हणाला. कौलं आली.

आणि घरबसल्या दिलेले पैसे? व्हिडिओखाली 'देणगी द्या' असं बटण असतं. मी म्हणते, त्या बटणावर लिहा ना, की ह्या पैशातून ८५ जणांना कामावर ठेवतो आणि त्यांच्याकडूनच मुलांचे ऑनलाइन वर्ग घेतो. मुलं घरात कोंडलेली होती, त्यांचे आईबाप हातघाईला आले होते. चित्रासमोर गप्पा मारणाऱ्या माणसाची गरज एरवीपेक्षा तेव्हाच जास्त होती! माझी भाची साताऱ्याकडच्या शाळेत आहे. तिने तेव्हा फोनवर, एकेका मुलाला हाक मारून, कविता शिकवल्या. नेट जायचं, मुलं पुन्हा जोडून घ्यायची. तिच्यामागे कुठली कोटींची ठेव नव्हती.

न्यूयॉर्कमध्येच उलटं उदाहरणही आहे. क्वीन्स म्युझियम. कोरोना नावाच्याच वस्तीला लागून असलेलं (हा योगायोग बघा!), भोवती स्थलांतरित कष्टकऱ्यांची घरं, आणि साथीचा तडाखाही तिथे भयंकर. मोमाच्या तुलनेत लहान संस्था. संपूर्ण न्यूयॉर्क शहराची, १९६४ च्या जागतिक मेळ्यासाठी केलेली भलीमोठी प्रतिकृती तिथे आहे. दारं प्रेक्षकांना बंद असताना ह्या लोकांनी २०२० च्या जूनपासून स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन तिथे धान्यवाटप सुरू केलं. आठवड्यातून एकदा लोकांची रांग लागायची. आता ह्याला कुणी कलेचा कार्यक्रम म्हणेल का? मी म्हणेन. आपल्या दाराबाहेर कोण राहतं हे त्या संस्थेला माहीत होतं.

हे सगळं मी काल लेकीला पुन्हा फोन करून ऐकवलं. ती बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, "मग काय, मेंबरशिप बंद करू?"

मी म्हटलं, मुळीच नको. नूतनीकरणाच्या वेळी चिठ्ठी जोड. त्या ८५ पैकी किती जण परत घेतले आणि कोणत्या अटींवर, एवढंच विचार.

म्हणाली, ऑनलाइन फॉर्मात चिठ्ठीला रकानाच नाही. मी तिला पत्त्याचं पाकीट आणायला सांगितलं आहे.