जुनी जिप्सी की जुनी सफारी?

जुन्या बाजारात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी शोधू लागलं, की दोन नावं हमखास कानावर पडतात : मारुतीची जिप्सी आणि टाटांची सफारी.

जिप्सी आली १९८५ साली. १९९६मध्ये ‘जिप्सी किंग’ला १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन मिळालं. वजन जेमतेम एक टन. त्यामुळे चिखलात ती सहसा अडकत नाही. अडकलीच, तर चार जणांच्या धक्क्याने निघते. पण चारही चाकांवर पाटे आणि मागे समोरासमोर बाकं. खड्ड्यांच्या रस्त्यावर तासाभरात पाठ बोलू लागते.

१९९८ची सफारी मात्र ऐसपैस. डिझेल इंजिन, मागे कॉइल स्प्रिंग. लांबच्या प्रवासात आजीलाही डुलकी लागावी. परंतु वजन जवळपास दुप्पट. चिखलात बसली, की ट्रॅक्टर शोधा! शिवाय प्रत्येक सफारी फोर-व्हील-ड्राइव्ह नसते, हे ध्यानात ठेवा.

कोणतीही घ्या, चारही चाकांची ओढ आणि लो रेंज मातीच्या रस्त्यावर लावून पाहा. कोरड्या डांबरावर यंत्रणेला ताण बसतो. चासीचा गंज तपासा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. शहरातले निर्बंध आरटीओत विचारा.

शेत किंवा रान रोजचं असेल, तर जिप्सी. वर्षात चार दिवस डोंगर आणि एरवी शाळा-बाजार असेल, तर सफारी. सौदा करण्यापूर्वी घरच्यांना मागच्या सीटवर बसवून एक फेरी माराच. रोजचे धक्के त्यांनाच सोसायचे असतात!