साहेबाची आई आणि आपली पणजी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुन्या कागदांचा रुमाल खाली आला, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, रद्दीत घाला. दुसरा म्हणतो, राहू द्या, पूर्वजांचे आहेत. मिरजेत राहून मराठी शिकवणारा मी अर्थातच दुसऱ्या तटातला. पण रुमाल नुसता राखून भागत नाही, तो सोडून वाचावाही लागतो. वाचला म्हणजे काय हाती लागते, ते एका साहेबाच्या उदाहरणाने सांगतो.

१८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापणारा ग्रँट डफ आपण सर्रास 'इंग्रज' समजतो. १८१८ पासून चार वर्षे तो साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता आणि आपल्या घराण्यांचे कागद त्याने तेथे जमवले. पण खुद्द त्याचेच घराणे शोधू गेले, तर साहेब मुळी इंग्रज नव्हेच! जन्म १७८९ चा, गाव स्कॉटलंडातले बँफ आणि आडनाव नुसते ग्रँट. 'डफ' हे त्याच्या आईचे माहेर. मायदेशी परतल्यावर आईकडची ईडनची मालमत्ता त्याला मिळाली, आणि तिच्याबरोबर आडनावही आले. ज्या नावाने आपण त्याला दीडशे-दोनशे वर्षे नावे ठेवीत आलो, त्यातले अर्धे त्याच्या आजोळचे आहे!

स्कॉटलंडात १८५५ पासून जन्माच्या सरकारी नोंदीत आईचे माहेरचे आडनावही लिहितात. त्यामुळे शोधणाऱ्याला बापाच्या फांदीइतकीच आईची फांदीही चढता येते. आणि आपली वंशावळ? मूळपुरुष, त्याचे तीन पुत्र, त्यांचे पाच पुत्र. वाचताना वाटावे, या कुळात बाईने कधी पाऊलच टाकले नाही.

आमच्या मिरजेच्या पटवर्धनांचेच पाहा. मूळ गाव रत्नागिरीजवळचे कोतवडे. हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. या भिक्षुकाच्या घरात तलवार आली कशी? त्याचे उत्तर पटवर्धनांच्या वंशावळीत सापडत नाही. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची लेक अनूबाई घोरपड्यांच्या व्यंकटरावांना दिली होती. त्या सोयरिकीने उपाध्यांच्या मुलांना पेशव्यांचे दार उघडले, आणि १७६१ साली गोविंद हरींकडे मिरजेचे ठाणे आले. एका घराण्याचे नशीब फिरले ते दुसऱ्या घरात आलेल्या सुनेच्या पायगुणाने म्हणा ना!

असे धागे जुळतात ते कागद वाचणाऱ्यांमुळे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. ती नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धनी दफ्तर उलगडले, आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग काढायला सुरुवात केली. १९२४ साली ते गेले, तोवर ते काम चालू होते. इचलकरंजी संस्थानचा इतिहासही त्यांचाच. त्या दफ्तरातली पत्रे काही इतिहास व्हावा म्हणून कोणी लिहिली नव्हती. कोणी मोहिमेची खबर कळवली, कोणी पैशाची ओढ. पण तीच टिकली, म्हणून माणसे टिकली.

तुमच्याआमच्या घरी दफ्तर नसते. पण लग्नपत्रिका असते, आहेराची यादी असते, मावशीचे पोस्टकार्ड असते. मी वर्गात पणजोबांचे नाव विचारतो तेव्हा बरेच हात वर होतात. पणजीचे माहेर विचारले, की सगळे बाकाकडे पाहतात. मुलांना कशाला हसू? आमच्याही वंशावळीत मी आजीचे नाव, गाव पेन्सिलीने लिहिले आहे. पणजीची जागा मात्र रिकामी आहे. ते सांगू शकणाऱ्या एकच आत्या होत्या. त्या गेल्या श्रावणात गेल्या.

भाऊबीजेला घरोघरी माहेरवाशिणी येतील. ओवाळणे झाले, फराळ झाला, की त्यांतल्या सर्वांत वडील बाईंजवळ वही घेऊन बसा. त्यांचे, त्यांच्या आईचे, आजीचे माहेरचे नाव आणि गाव विचारा, आणि त्यांच्यासमोरच लिहून घ्या. फार तर अर्धा तास जाईल.